रुडॉल्फ डिझेल

रुडॉल्फ क्रिस्टियान कार्ल डिझेल (जन्म : १८ मार्च १८५८, पॅरिस; मृत्यू : २९ सप्टेंबर १९१३, उत्तर समुद्र) हे जर्मन यंत्र अभियंते व संशोधक होते. ठिणगीवाचून, केवळ दाबाने तापलेल्या हवेच्या उष्णतेवर इंधन पेटवणारे अंतर्ज्वलन इंजिन त्यांनी तयार केले. हे इंजिन आणि पुढे त्यात जाळले जाणारे तेलही त्यांच्याच आडनावाने ओळखले जाऊ लागले. आडनावाचे सामान्यनाम व्हावे आणि माणूस मात्र विस्मरणात जावा, असे फार थोड्या संशोधकांच्या वाट्याला येते. डिझेल हे त्यांपैकी एक होत.

डिझेल यांनी आयुष्यभर एकाच प्रश्नाचा पाठपुरावा केला : जाळलेल्या इंधनातील जास्तीत जास्त उष्णता कामी कशी आणावी? त्यांच्या इंजिनाची काटकसर ज्या गुणांमुळे आहे, त्या गुणांतच त्याच्या धुराचा दोषही दडलेला आहे. आजच्या डिझेल मोटारींमध्ये धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडला जातो तो याच दोषावरील उपाय म्हणून. त्याची किंमत इंधनाच्या रूपाने मोजावी लागते का, या प्रश्नाचे मूळ डिझेल यांच्या १८९२ सालच्या कल्पनेपर्यंत मागे नेता येते.

बालपण आणि शिक्षण

रुडॉल्फ यांचे वडील थिओडोर हे मूळचे बव्हेरियातील आउग्सबुर्ग येथील पुस्तकबांधणीकार. पॅरिसला स्थायिक झाल्यावर ते चामड्याच्या वस्तू बनवीत. आई एलिझ या न्यूर्नबर्गच्या. तीन भावंडांत रुडॉल्फ दुसरे. घरची परिस्थिती बेताची असल्याने वडिलांच्या कारखान्यातील तयार माल ढकलगाडीवर घालून गिऱ्हाइकांकडे पोचवण्याचे काम त्यांना लहानपणीच करावे लागे. घरापासून जवळ असलेल्या तंत्रकलांच्या संग्रहालयात ते रमत. तेथे क्युन्यो यांनी अठराव्या शतकात बनवलेली वाफेची गाडी ठेवलेली होती.

१८७० साली फ्रान्स व प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि पॅरिसमधील जर्मनांना शहर सोडणे भाग पडले. डिझेल कुटुंब लंडनला गेले. तेथे निर्वाह अवघड झाल्याने बारा वर्षांच्या रुडॉल्फला आउग्सबुर्ग येथे नातलगांकडे पाठवण्यात आले. त्यांचे काका क्रिस्टोफ बार्निकेल हे तेथील व्यवसायशाळेत गणिताचे शिक्षक होते. या घरातील शिस्त आणि शाळेतील प्रयोगशाळा यांनी मुलाला घडवले. चौदाव्या वर्षीच त्यांनी आपण अभियंता होणार असे आईवडिलांना पत्राने कळवून टाकले. मुलाने लवकर कमावते व्हावे अशी घरच्यांची इच्छा होती. १८७५ मध्ये म्यूनिकच्या तंत्रविद्यालयाची शिष्यवृत्ती मिळताच रुडॉल्फ यांनी ती डावलून पुढील शिक्षण घेतले.

म्यूनिकमध्ये त्यांना कार्ल फोन लिंडे हे गुरू लाभले. कृत्रिम शीतकरणाच्या यंत्रांचे जनक म्हणून लिंडे प्रसिद्ध आहेत. त्यांच्या व्याख्यानात एकदा असे सांगण्यात आले की वाफेचे इंजिन इंधनातील उष्णतेपैकी जेमतेम सहा ते दहा टक्के भागच कामात रूपांतरित करते, उरलेली सारी उष्णता वाया जाते. फ्रेंच शास्त्रज्ञ सादी कार्नो यांनी १८२४ मध्ये मांडलेल्या आदर्श चक्राशी ताडून पाहता हे प्रमाण लाजिरवाणे होते. डिझेल यांनी त्या व्याख्यानाच्या वहीतच समासात टिपण केले की, तापमान न वाढू देता ज्वलन घडवून आणता येईल का, याचा अभ्यास करावा. पुढील सारे आयुष्य या टिपणाच्या मागे गेले असे म्हणण्यास हरकत नाही.

१८७९ मध्ये ऐन परीक्षेच्या वेळी त्यांना विषमज्वर झाला. पुढील परीक्षेची वाट पाहताना त्यांनी स्वित्झर्लंडमधील विंटरथुर येथे सुल्झर बंधूंच्या कारखान्यात प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेतला. जानेवारी १८८० मध्ये ते उच्च गुणांनी पदवीधर झाले.

शीतयंत्रांची दहा वर्षे

पदवीनंतर डिझेल लिंडे यांच्या व्यवसायात शिरले. पॅरिसमधील बर्फाच्या कारखान्याची उभारणी त्यांनी केली आणि वर्षभरातच त्याचे संचालकपद मिळवले. १८८३ मध्ये मार्था फ्लाशे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना रुडॉल्फ, हेडी आणि ऑयगेन ही तीन अपत्ये झाली. फ्रेंच, जर्मन आणि इंग्रजी या तिन्ही भाषांवर डिझेल यांचे प्रभुत्व होते.

शीतयंत्र आणि उष्णता इंजिन ही एकाच नाण्याच्या दोन बाजू होत. एकात काम खर्चून उष्णता बाहेर काढली जाते, दुसऱ्यात उष्णता खर्चून काम मिळवले जाते. डिझेल यांनी प्रथम पाण्याच्या वाफेऐवजी अमोनियाची वाफ वापरून इंजिन चालवण्याचे प्रयत्न केले. त्यातून उपयोगी यंत्र निघाले नाही, परंतु उच्च दाबाखालील वायूंशी त्यांचा परिचय झाला. १८९० मध्ये ते लिंडे यांच्या कंपनीचे काम पाहण्यासाठी बर्लिनला गेले. तेथे अमोनियाच्या जागी साधी हवाच वापरावी आणि इंधन त्या हवेतच जाळावे, हा विचार पक्का झाला.

या खटाटोपामागे सामाजिक विचारही होता. वाफेचे मोठे इंजिन फक्त मोठ्या कारखानदाराला परवडे आणि सुतार, विणकर, छापखानेवाले असे छोटे कारागीर त्या स्पर्धेत नामशेष होत. कमी इंधनात चालणारे छोटे इंजिन कारागिराच्या हाती आले तर उद्योग पुन्हा गावोगाव पसरेल, असे डिझेल यांना वाटे. काटकसर हा त्यांच्या दृष्टीने केवळ हिशेबाचा विषय नव्हता.

पेटंट आणि त्यातील चूक

फेब्रुवारी १८९२ मध्ये डिझेल यांनी पेटंटसाठी अर्ज केला. पुढील वर्षी ते क्रमांक ६७२०७ ने मंजूर झाले. त्याच वर्षी वाफेच्या इंजिनाची जागा घेणाऱ्या तर्कशुद्ध उष्णता इंजिनाचा सिद्धान्त व रचना मांडणारी त्यांची पुस्तिकाही प्रसिद्ध झाली. कल्पना थोडक्यात अशी होती. सिलिंडरमध्ये निव्वळ हवा घ्यावी. दट्ट्याने ती इतकी दाबावी की तिचे तापमान इंधन पेटण्याच्या तापमानाच्या वर जाईल. मग दट्ट्या मागे सरत असताना इंधन हळूहळू आत सोडावे. प्रसरणाने हवा जितकी थंड होईल तितकीच ज्वलनाने तापेल आणि तापमान स्थिर राहील. कार्नोच्या आदर्श चक्राच्या अगदी जवळ जाणारी ही मांडणी होती. त्यासाठी सुमारे २५० वातावरणांचा दाब आणि ज्वलनाला लागते त्याच्या कितीतरी पट जादा हवा गृहीत धरलेली होती.

कागदावर हे चक्र सुंदर दिसे. अडचण अशी की इतकी हवा दाबण्यासच एवढे काम खर्ची पडे की घर्षण वजा जाता दंडावर जवळपास काहीच उरले नसते. हे डिझेल यांच्या स्वतःच्याच ध्यानात आले. १८९३ मध्येच त्यांनी नवा अर्ज करून मूळ मांडणीत बदल केला : तापमान स्थिर ठेवण्याचा हट्ट सोडला, दाब पुष्कळ खाली आणला, हवेच्या मानाने इंधन वाढवले आणि ज्वलनाच्या वेळी तापमान चढू दिले. इंजिन चालले ते या तडजोडीमुळे. मात्र पेटंटात एक सांगितले आणि प्रत्यक्षात दुसरेच बांधले, हा आक्षेप त्यांच्या विरोधकांनी अखेरपर्यंत लावून धरला. तो वस्तुस्थितीला धरून होता. परंतु उच्च दाबाने हवा तापवून इंधन पेटवणारे काटकसरी इंजिन प्रत्यक्षात उतरवण्याचे श्रेय त्यामुळे कमी होत नाही.

आउग्सबुर्ग येथील प्रयोग

आउग्सबुर्ग यंत्र कारखान्याचे प्रमुख हाइनरिख बुत्स यांनी सुरुवातीच्या नकारानंतर प्रयोगांना जागा व मदत देण्याचे मान्य केले. हाच कारखाना पुढे मान या नावाने जगभर ओळखला गेला. एसेनची क्रुप कंपनीही खर्चात सहभागी झाली आणि तिने डिझेल यांना वार्षिक ३०,००० मार्क मानधन देऊ केले. १८९३ ते १८९७ ही चार वर्षे त्यांच्या आयुष्यातील सर्वांत फलदायी, आणि बहुधा सर्वांत कष्टाचीही.

पहिले प्रयोगयंत्र १८९३ च्या उन्हाळ्यात उभे राहिले. त्याला स्वतःच्या बळावर फिरता येत नव्हते. कारखान्याच्या मुख्य दंडावरून पट्ट्याने ते फिरवले जाई. १० ऑगस्ट रोजी त्यात प्रथमच इंधन सोडण्यात आले. ज्वलन झाले, दाब अपेक्षेपलीकडे चढला आणि दाब नोंदवणारे उपकरण फुटून त्याचे तुकडे आजूबाजूला उडाले. जवळ उभे असलेले डिझेल थोडक्यात बचावले. यंत्र चालले नाही, पण ठिणगीशिवाय इंधन पेटते हे सिद्ध झाले.

दुरुस्त्या करून १७ फेब्रुवारी १८९४ रोजी यंत्र पुन्हा फिरवण्यात आले. त्या दिवशी पट्ट्याची ताणलेली बाजू एकाएकी सैल पडल्याचे देखरेख करणाऱ्या कामगाराच्या लक्षात आले : कारखाना यंत्राला फिरवत नसून यंत्रच पट्ट्याला ओढू लागले होते. मिनिटभर, मिनिटाला ८८ फेऱ्यांच्या वेगाने ते स्वतःच्या बळावर फिरले. त्या कामगाराने काही न बोलता डोक्यावरची टोपी काढून डिझेल यांना अभिवादन केल्याचे सांगतात.

त्यानंतरही तीन वर्षे गेली. खरी अडचण इंधन आत सोडण्याची होती. सिलिंडरमध्ये आधीच प्रचंड दाब असताना तेल बारीक तुषारांच्या रूपात आत कसे ढकलावे? कोळशाची पूड वापरण्याचा मूळ बेत बाजूला पडला. पेट्रोल, दिव्याचे रॉकेल, वायू असे नाना पदार्थ वापरून पाहण्यात आले. शेवटी त्याहूनही अधिक दाबाच्या हवेच्या झोताने रॉकेल फवारण्याची पद्धत यशस्वी झाली. हा झोत तयार करण्यासाठी इंजिनाला वेगळा हवादाबक जोडावा लागे. तो अवजड असे, महाग असे आणि इंजिनाच्या शक्तीतील वाटाही खाई. डिझेल यांच्या हयातीत त्यांचे इंजिन मोटारगाडीत बसू शकले नाही याचे मुख्य कारण हा हवादाबक होय.

तरुण अभियंता इमानुएल लाउस्टर यांच्या साहाय्याने तयार झालेले नवे यंत्र १८९७ च्या आरंभी पूर्ण झाले. सिलिंडरचा व्यास २५० मिलिमीटर, दट्ट्याची धाव ४०० मिलिमीटर आणि शक्ती सुमारे २० अश्वशक्ती. १७ फेब्रुवारी १८९७ रोजी म्यूनिकचे प्राध्यापक मोरित्स श्र्योटर यांनी त्याची अधिकृत चाचणी घेतली. एका अश्वशक्तीने तासभर काम करण्यास यंत्राला २३८ ग्रॅम रॉकेल लागले; म्हणजे इंधनातील २६.२ टक्के उष्णता कामात उतरली. वाफेची नेहमीची इंजिने दहा टक्क्यांच्या आसपास घुटमळत असताना हा आकडा थक्क करणारा होता. कार्नोच्या आदर्शापासून तो दूर होता, तरी त्या काळी दुसऱ्या कोणत्याही उष्णता इंजिनाला तो गाठता आलेला नव्हता. त्याच वर्षी जूनमध्ये कासेल येथे भरलेल्या जर्मन अभियंत्यांच्या परिषदेत हे निष्कर्ष जाहीर झाले.

वैभव आणि वादंग

पुढील दोन वर्षांत डिझेल लक्षाधीश झाले. ग्लासगोच्या मिर्लीस कंपनीने लॉर्ड केल्व्हिन यांच्याकडून पेटंटची पारख करून घेऊन ब्रिटनचे हक्क घेतले. अमेरिकेतील मद्यउत्पादक अडॉल्फस बुश यांनी दहा लाख मार्क देऊन अमेरिकेचे हक्क विकत घेतले. आल्फ्रेड नोबेल यांचे पुतणे इमानुएल नोबेल यांनी रशियात इंजिने बनवण्यास आरंभ केला. बाकू परिसरातील जड तेल तेथे मुबलक असल्याने इंजिनाचा खरा विस्तार रशियातच प्रथम झाला. १८९८ मध्ये आउग्सबुर्ग येथे स्थापन झालेल्या कंपनीने डिझेल यांचे सर्व हक्क ३५ लाख मार्कांना घेतले. त्यातील मोठा भाग मात्र समभागांच्या रूपात होता.

इंजिन अद्याप परिपक्व झालेले नव्हते. पहिले विक्रीचे इंजिन केम्पटेन येथील काडेपेटीच्या कारखान्यात बसवण्यात आले. पेटण्यासाठी काडी न लागणारे इंजिन काडेपेटीच्या कारखान्यातच जावे, हा योगायोग गमतीचा. पण त्याच्या दुरुस्त्यांनी सर्वांना जेरीस आणले. आउग्सबुर्ग येथेच निघालेल्या दुसऱ्या एका कारखान्याची इंजिने इतकी सदोष निघाली की ती परत घ्यावी लागली. पेटंटावरील दाव्यांची भर त्यात पडली. या ताणाने १८९८ च्या सुमारास डिझेल यांची प्रकृती ढासळली आणि काही महिने त्यांना आरोग्यधामात काढावे लागले. तीव्र डोकेदुखी व निद्रानाश यांनी पुढेही त्यांची पाठ सोडली नाही.

मिळालेला पैसा त्यांनी म्यूनिकमधील भव्य हवेलीत, जमिनींच्या व्यवहारांत आणि गॅलिशियातील तेलविहिरींत गुंतवला. हवेली राहिली, बाकीचे बहुतेक व्यवहार बुडाले. यंत्रात ग्रॅमाग्रॅमाचा हिशेब ठेवणारा हा माणूस स्वतःच्या पैशांच्या बाबतीत तितकाच अव्यवहारी होता.

१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात डिझेल इंजिनाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. तेथे एक छोटे इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले. आफ्रिकेतील फ्रेंच वसाहतींत भुईमूग मुबलक पिकत असल्याने स्थानिक तेलावर शक्ती मिळावी, असा फ्रेंच सरकारचा हेतू त्यामागे होता. डिझेल यांनी पुढे स्वतःही वनस्पती तेलांवर प्रयोग केले. जैवइंधनाच्या चर्चेत त्यांचे नाव आज आदराने घेतले जाते ते यामुळे.

१९०३ मध्ये त्यांनी समाजरचनेवरील आपले विचार एका ग्रंथात मांडले. कामगारांनी थोडे थोडे भांडवल साठवून स्वतःचेच कारखाने काढावेत, असा त्याचा आशय होता. ग्रंथाच्या दहा हजार प्रती छापल्या गेल्या. खपल्या काही शेच. या ग्रंथाकडे अभियंत्यांनी आणि राजकारण्यांनी सारखेच दुर्लक्ष केले.

इंजिनाचा प्रवास मात्र थांबला नाही. १९०३ मध्ये फ्रान्समधील कालव्यावरील एका नौकेत आणि व्होल्गा नदीवरील वांदाल या तेलवाहू जहाजात ते बसवले गेले. पाणबुड्यांनी त्याचा स्वीकार केला. १९१२ मध्ये सेलांडिया हे डॅनिश जहाज डिझेल इंजिनांवर महासागर ओलांडू लागले. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये डिझेलवर चालणाऱ्या पहिल्या मोठ्या आगगाडी इंजिनाच्या चाचण्या झाल्या. छोट्या कारागिरासाठी योजलेले यंत्र असे युद्धनौका आणि बड्या कंपन्यांच्या हाती गेले. १९०७ मध्ये म्यूनिकच्या तंत्रविद्यालयाने डिझेल यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली.

अखेर

नोव्हेंबर १९१२ मध्ये बर्लिन येथे जहाजबांधणी तज्ज्ञांच्या सभेत डिझेल यांनी आपल्या इंजिनाच्या जन्माची कथा सांगितली. पुढील वर्षी ती पुस्तकरूपाने आली. सभेतच काही प्राध्यापकांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली आणि आखेनचे प्राध्यापक ल्यूडर्स यांनी डिझेल हे एक मिथक आहे असे सुचवणारे पुस्तकच लिहिले. मूळ पेटंट आणि प्रत्यक्ष इंजिन यांतील तफावत हाच या सर्वांचा रोख होता. दरम्यान सावकारांचे देणे फेडण्यापलीकडे गेले होते, याची घरच्यांनाही पुरती कल्पना नव्हती.

२९ सप्टेंबर १९१३ रोजी सायंकाळी डिझेल अँटवर्प बंदरात ड्रेस्डेन या आगबोटीवर चढले. इंग्लंडमधील एका डिझेल कंपनीच्या बैठकीसाठी ते निघाले होते. सोबत बेल्जियममधील उद्योजक जॉर्ज कारेल्स आणि आणखी एक सहकारी होते. तिघांनी एकत्र भोजन केले, डेकवर फेरफटका मारला आणि रात्री दहाच्या सुमारास डिझेल आपल्या खोलीत गेले. सकाळी सव्वासहाला उठवण्याचा निरोप त्यांनी दिला होता. सकाळी खोली रिकामी आढळली. बिछान्यावर कोणी झोपल्याची खूण नव्हती, रात्रीचा पोशाख नीट घडी करून ठेवलेला होता आणि घड्याळ बिछान्यावरून दिसेल असे टांगलेले होते. डेकच्या कठड्याजवळ त्यांची टोपी आणि घडी घातलेला ओव्हरकोट सापडला.

सुमारे दहा दिवसांनी एका डच नौकेच्या खलाशांना समुद्रात एक मृतदेह तरंगताना दिसला. देह कुजलेला असल्याने त्यांनी खिशातील वस्तू काढून घेऊन तो पुन्हा समुद्रातच सोडला. चष्म्याचे घर, खिशातील चाकू, गोळ्यांची डबी अशा त्या वस्तू पुत्र ऑयगेन यांनी वडिलांच्या म्हणून ओळखल्या. प्रवासाला निघण्यापूर्वी डिझेल यांनी पत्नीकडे एक बॅग ठेवण्यास दिली होती. तीत रोख रक्कम आणि बँकेतील खाती जवळजवळ रिकामी झाल्याचे दाखवणारे कागद निघाले. त्यांच्या रोजनिशीत २९ सप्टेंबर या तारखेसमोर क्रूसाची खूण केलेली होती. घातपाताच्या अनेक कथा त्या काळी पसरल्या आणि आजही सांगितल्या जातात. बहुतेक चरित्रकारांचा कल मात्र आत्महत्येकडे आहे.

मोटारगाडीतील डिझेल इंजिन

डिझेल यांच्या पश्चात अवजड हवादाबकाची जागा तेल थेट फवारणाऱ्या पंपाने घेतली. १९२७ मध्ये बॉश कंपनीने असे पंप मोठ्या प्रमाणावर बनवण्यास सुरुवात केल्यावर इंजिन हलके व वेगवान झाले. मालमोटारींनंतर १९३६ मध्ये मर्सिडीज-बेंझची २६० डी ही डिझेल इंजिनाची प्रवासी मोटार बाजारात आली.

पेट्रोलपेक्षा डिझेल मोटार कमी तेलात अधिक धावते याची कारणे डिझेल यांच्या मूळ मांडणीतच आहेत. आत फक्त हवा असल्याने ती अवेळी पेटण्याची भीती न बाळगता खूप दाबता येते, आणि दाब जितका अधिक तितके प्रसरणातून मिळणारे काम अधिक. शिवाय शक्ती कमी करायची असल्यास पेट्रोल इंजिनात हवेची वाट आवळावी लागते आणि त्या अरुंद वाटेतून हवा ओढण्यात काम वाया जाते. डिझेल इंजिनात हवा मोकळेपणाने येते, केवळ तेल कमी केले जाते.

या मोकळ्या हवेचा आणि उच्च तापमानाचा दुसरा परिणाम डिझेल यांच्या काळी कोणी विचारात घेतला नव्हता. ज्वाळेच्या अतितप्त भागात हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन यांचा संयोग होऊन नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. श्वसनमार्गाला ती अपायकारक असतात आणि शहरांवरील धूसर धुरक्यालाही कारण ठरतात. तापमान थोडे वाढले तरी त्यांचे प्रमाण झपाट्याने वाढते.

यावर योजलेला उपाय म्हणजे एक्झॉस्ट वायूचे पुनराभिसरण. मोटार दुरुस्तीच्या दुकानांत तो ईजीआर या नावाने परिचित आहे. धुराचा काही भाग एका झडपेतून, बहुधा थंड करून, पुन्हा आत येणाऱ्या हवेत मिसळला जातो. धुरात ऑक्सिजन कमी असतो. शिवाय त्यातील कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ तापण्यासाठी अधिक उष्णता घेतात. त्यामुळे ज्वाळेचे तापमान उतरते आणि ऑक्साइडे घटतात. ज्वलनाच्या वायूंत भर घालून तापमान चढू न देणे ही कल्पना १८९२ च्या पेटंटाची आठवण करून देते. फरक एवढाच की डिझेल यांना थंड ज्वलन काटकसरीसाठी हवे होते आणि काटकसर साधण्यासाठीच त्यांना ते सोडून द्यावे लागले; आजच्या अभियंत्याला ते हवेच्या शुद्धतेसाठी हवे असते.

मायलेजवर याचा परिणाम होतो का, या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर देता येत नाही. गाडी हलक्या भाराने चालत असताना इंजिनात हवा गरजेपेक्षा पुष्कळ अधिक असते. त्यातील काही हवेची जागा धुराने घेतली तरी तेल पूर्ण जळते आणि मायलेजमध्ये जाणवण्याजोगा फरक पडत नाही. धुराचे प्रमाण वाढवत नेले की ज्वलन मंदावते, ते लांबते आणि दट्ट्या बराच मागे गेल्यावर निर्माण झालेली उष्णता पुरेशी कामी येत नाही. धूर हवेच्या मार्गात ढकलण्यासाठी एक्झॉस्टचा दाब आत येणाऱ्या हवेपेक्षा जास्त ठेवावा लागतो. तो दाब उत्पन्न करण्याचे काम इंजिनालाच करावे लागते. टर्बोच्या आधीच धूर वळवला तर टर्बोला मिळणारी शक्तीही कमी होते. सर्वांत मोठा अप्रत्यक्ष खर्च काजळीचा. ऑक्सिजन कमी पडल्याने काजळी वाढते, ती गाळणीत साठते आणि गाळणी मोकळी करण्यासाठी अधूनमधून जादा तेल जाळावे लागते. शहरात थोड्या थोड्या अंतरासाठी वापरल्या जाणाऱ्या गाडीत हा खर्च विशेष जाणवतो.

पेट्रोल इंजिनात हीच युक्ती कमी भाराच्या वेळी उलट फायद्याची ठरू शकते. तेथे धूर आत घेतल्याने आवळलेली हवेची वाट थोडी सैल सोडता येते आणि हवा ओढण्याचे श्रम वाचतात. डिझेल इंजिनात ती वाट मुळातच मोकळी असल्याने वाचवण्याजोगे काही नसते.

मायलेज वाढेल या आशेने काही वाहनधारक ही झडप बंद करून घेतात. आधुनिक इंजिनात तेल फवारण्याची वेळ व प्रमाण धुराचा हिशेब धरूनच ठरवलेले असते. त्यामुळे झडप बंद केल्याने मिळणारा लाभ सहसा किरकोळ असतो, ऑक्साइडे मात्र अनेक पटींनी वाढतात आणि गाडी नियमबाह्य ठरते. झडपेत साचलेली काजळी साफ करणे हा त्याहून सरळ मार्ग होय. काटकसर आणि स्वच्छता यांतील ही ओढाताण किती तीव्र आहे हे २०१५ मध्ये जगाला दिसले. फोक्सवॅगन कंपनीने आपल्या डिझेल मोटारींत, चाचणी चालू असतानाच प्रदूषण नियंत्रण पूर्णपणे कार्यरत राहील आणि रस्त्यावर ते सैल पडेल, अशी संगणकीय योजना केल्याचे तेव्हा उघड झाले. अलीकडे धुरावर युरियाच्या द्रावणाची प्रक्रिया करून ऑक्साइडे नंतर नष्ट करण्याची पद्धत रूढ होत आहे. तीमुळे इंजिन पुन्हा तप्त व काटकसरी ठेवता येते. वाचलेल्या तेलाच्या मोबदल्यात युरियाचा खर्च येतो. भारतात १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांनंतर डिझेल मोटारी महाग झाल्या आणि काही कंपन्यांनी छोट्या डिझेल मोटारी बनवणेच थांबवले, ते या साऱ्या उपकरणांच्या खर्चामुळे.

महाराष्ट्रातील प्रसार

डिझेल यांनी योजलेला छोटा कारागीर युरोपात या इंजिनाचा धनी झाला नाही. महाराष्ट्रात मात्र शेतकरी झाला. साताऱ्याच्या कूपर कारखान्याने १९३० च्या दशकात देशी बनावटीची डिझेल इंजिने काढली. पुणे येथे १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. गावात वीज पोचण्यापूर्वी विहिरीवरील मोट जाऊन तेथे इंजिन आले, आणि उसाच्या मळ्यांपासून पिठाच्या गिरण्यांपर्यंत त्याचा आवाज कित्येक वर्षे ग्रामीण जीवनाचा भाग होऊन राहिला. जुनी माणसे त्याला नुसते ऑइल इंजिन म्हणत.

स्मृती

१८९७ चे ऐतिहासिक इंजिन म्यूनिकच्या जर्मन संग्रहालयात जतन केलेले आहे. आउग्सबुर्ग येथील उद्यानात डिझेल यांच्या स्मरणार्थ शिळांची रचना असलेले एक उपवन असून ते १९५७ मध्ये जपानी उद्योजक मागोकिची यामाओका यांनी भेट दिले. छोटी डिझेल इंजिने बनवणाऱ्या यानमार कंपनीचे ते संस्थापक होत. ऑयगेन डिझेल यांनी वडिलांचे विस्तृत चरित्र लिहिले. १९५३ पासून जर्मनीत संशोधकांना रुडॉल्फ डिझेल पदक देण्यात येते.